जाणूनबुजून

कामगार न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक काळा कोटवाला सूचनाफलकाकडे तोंड करून उभा होता आणि त्या फलकाला हातवारे करून काहीतरी समजावत होता.

खरं तर मला तिथे त्या दिवशी काहीच काम नव्हतं. माझ्या दुभाषीच्या ओळखपत्राची मुदत संपत आली होती, त्यावर शिक्का मारून घ्यायचा, एवढंच. शिक्का मारणारे गृहस्थ जागेवर नव्हते आणि कधी येतील ते कुणी सांगत नव्हतं. मग काय, बसले बाकावर त्या कोटवाल्याकडे बघत.

तो आधी स्वतःच्या छातीकडे बोट दाखवी, मग फलकाकडे, मग दोन बोटं हनुवटीवरून खाली ओढी. पुन्हा छाती, फलक, हनुवटी. चेहरा असा गंभीर, की आता फलक उठून सही करणार! मला हसू फुटलं. दाबलं, तरी फुटलंच.

तो गर्रकन वळला. "काय झालं?"

"काही नाही."

"हसलात तुम्ही."

"तुम्ही त्या फलकाला काय सांगताय ते कळलं, म्हणून हसले."

"कळलं?" तो एकदम खुलला. "म्हणजे बरोबर जमतंय! 'मी तुमचा वकील आहे'... असंच ना?"

"वकील गळ्याशी असतो. त्या दोन पांढऱ्या पट्ट्या लावता ना तुम्ही, तिथे. तुमचा हात हनुवटीला लागतोय. हनुवटीला दाढी असते."

"मग?"

"मग तुम्ही सांगताय, मी तुमचा बोकड आहे."

त्यानं स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो हात कुणीतरी चुकून त्याच्याकडे ठेवून गेलंय. मग हळूच म्हणाला, "काल मी माझ्या अशिलाला हेच करून दाखवलं. चांगलं तीनदा. ती फार समजूतदारपणे मान हलवत होती हो..."

यावर मात्र मी तोंडावर हात ठेवून हसले. आणि तो? तो रागावला नाही. हसूही नाही आलं त्याला. भुवया जवळ आणून बघतच राहिला. हे कसं चुकलं, का चुकलं, आता पुढे काय, असे सगळे प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर रांगेत उभे राहिलेले दिसत होते.

त्याची अशील ऐकू न येणारी होती, तारीख अर्ध्या तासावर होती आणि नेमलेला दुभाषी आजारी पडला होता. हे त्यानं मला एका दमात सांगितलं.

"मी शिक्क्यासाठी आलेय," मी म्हटलं. "ओळखपत्राची मुदत संपतेय."

"कधी?"

"परवा."

"म्हणजे आज चालतं!" तो म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून चालायलासुद्धा लागला.

*

ती चाळिशीची होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या लांबलचक रोलर मशीनवर काम करायची. मनगटं पैलवानाची, डोळे चिमणीचे. आमच्या भाषेत, म्हणजे खुणांच्या भाषेत, प्रत्येकाला एक खुणेचं नाव मिळतं. तिच्या ओठावर तीळ होता, म्हणून तिचं नाव ठिपका. प्रश्न विचारताना माझी डावी भुवई एकटीच वर जाते, हे तिनं पहिल्या दहा मिनिटांत हेरलं आणि माझं नाव ठेवलं भुवई. वकिलाचं नाव तर त्यानं स्वतःच ठेवून घेतलं होतं. हनुवटीवरून दोन बोटं खाली... बोकड.

त्या दिवशी फक्त पुढची तारीख मिळाली. पण ठिपकानं हट्ट धरला, यापुढे हीच दुभाषी हवी. रीतसर अर्ज झाला, मंजूर झाला आणि मी त्या केसमध्ये आले.

त्याचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, तीन खुर्च्या, त्यातली एक कायम फायलींनी अडवलेली. पहिल्या भेटीला मी ठरलेले नियम सांगितले. ठिपका जे सांगेल ते 'मी' म्हणूनच मी बोलणार. आणि खोलीत जे काही बोललं जाईल ते सगळं, अगदी सगळं, हातांनी ठिपकाला सांगणार. काही गाळायचं नाही, काही जोडायचं नाही.

"मान्य," तो म्हणाला. मग त्यानं केसची फाईल उचलली आणि न उघडता खिडकीत ठेवून दिली. "सकाळी कामावर गेल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करता?"

ठिपकानं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तिचे हात भराभर हलले. मी बोलले, "मला कामावरून काढल्याचं पत्र ह्या माणसानं वाचलंय ना?"

"हे तिनं विचारलं की तुम्ही?"

"तिनं. मी बोलते तेव्हा मी नसतेच."

"मग तुम्ही असता कधी?"

आता नियम म्हणजे नियम. हेही मला हातांनी ठिपकाला सांगावं लागलं. तिनं ते नीट बघून घेतलं, खुर्चीत आरामात मागे टेकली आणि खूण केली, "दे की उत्तर. मी थांबते."

माझे कान तापले. "पुढचा प्रश्न विचारा, वकीलसाहेब," मी म्हटलं, आणि तेही ठिपकाला सांगितलं. ती खांदे हलवून हसत राहिली.

दीड तास त्यानं नुसता तिचा साधा दिवस विचारला. एप्रन कुठे टांगता? समोर कोण उभं असतं? चादर आत सोडताना आधी कुठला कोपरा? वाफ कधी अंगावर येते? ठिपका सांगता सांगता रंगली. हवेतल्या हवेत तिनं अशी चादर झटकली, की मला तिचा वारा लागल्यासारखं वाटलं. तिला काढणारा नवा सुपरवायझर, तो वाईट दिवस, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही.

शेवटी मात्र त्यानं ते पत्र तिच्यापुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, सुपरवायझरनं मागून 'थांबा' म्हणून ओरडून सांगितलं, ती थांबली नाही, गाडाभर चादरी करपल्या. 'वरिष्ठांच्या सूचनेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केल्यामुळे' तिला कामावरून काढलं होतं.

"ह्यातला कुठला शब्द सारखा आठवतो?" त्यानं विचारलं.

तिनं विचार केला नाही. बोट थेट 'जाणूनबुजून'वर ठेवलं.

"चादरी करपल्या, खरं," तिचे हात म्हणाले आणि मी बोलले. "तो ओरडलाही असेल. पण जाणूनबुजून? मी? पोराच्या अंगावरून हात फिरवावा तशी मी त्या चादरींवरून हात फिरवते."

"तुम्हाला काय मिळायला हवं?"

"माझं मशीन. आणि हा शब्द खोडून हवा."

त्यानं वहीत तेवढंच लिहिलं. पहिल्या भेटीत लिहिलेली ती एकच ओळ.

*

घरी माझी मोठी बहीण वाट बघत असायची. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. खुणांची भाषा मी तिच्याकडूनच शिकले, बोलायला शिकायच्याही आधी. ती एका वास्तुरचनेच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते आणि माणसांकडेही तशीच बघते, भिंतीच्या आत काय आहे ते शोधत. केसबद्दल घरी अवाक्षर काढायची मला परवानगी नव्हती. पण बोकडाबद्दल सांगायला कुणी मनाई केली नव्हती!

"आज बोकडानं काय केलं?" ताई रोज विचारायची.

"चहात बिस्कीट बुडवलं आणि विचार करत बसला. बिस्कीट तुटून आत पडलं."

"मग?"

"मग ते का तुटलं याचा विचार करत बसला."

ताई डोळे बारीक करून बघायची. "तू फार लक्ष देऊन बघतेस ग बिस्किटं."

चहा आम्ही त्याच्या इमारतीच्या जिन्याखालच्या टपरीवर प्यायचो, ठिपका बसमध्ये बसली की. तिथे नियम नव्हते, मी 'मी' असायचे. तरी पहिल्या पहिल्या दिवसांत मला काही सुचायचं नाही. दुसऱ्याचं बोलणं बोलायची इतकी सवय! मग एकदा विचारलंच, "तुम्ही सगळ्यांना साधा दिवसच का विचारता?"

"वाईट दिवस सगळेच सांगतात. सांगून सांगून तो गुळगुळीत झालेला असतो, गोट्यासारखा. साधा दिवस कुणी विचारलेलाच नसतो. त्यात सगळ्या खाचाखोचा शिल्लक असतात."

"आणि काय हवंय ते? ते तर अर्जात लिहिलेलं असतंच की."

तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "माझी पहिली केस एका लिफ्टवाल्याची. कुणाचं तरी पाकीट हरवलं आणि याला काढून टाकला. मी तडजोड करून दिली. भरपाई, दाखला, अर्जात होतं ते सगळं. एक अट होती, दोन्ही बाजूंनी याविषयी पुन्हा बोलायचं नाही. मी ऐटीत सही घ्यायला गेलो. तो म्हणाला, साहेब, हे ठीक आहे... पण मला नुसतं एवढंच हवं होतं, की सगळ्यांसमोर एकदा कुणीतरी म्हणावं, पाकीट यानं घेतलं नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं ना."

रस्त्यावरून एक ट्रक धूळ उडवत गेला. मी चोरून त्याच्याकडे पाहिलं. काय चाललं असेल याच्या डोक्यात? घरी कोण असेल? एकटा असताना हा आपले प्रश्न कुणाला विचारत असेल? इस्त्रीच्या रोलरचं तापमान मला पाठ झालं होतं, पण या माणसाबद्दल मला काहीच माहिती नव्हती.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"वडील. एकदम शांत गृहस्थ. का हो?"

"सहज."

"सहज विचारताना तुमची भुवई वर जात नाही," तो म्हणाला. "आत्ता गेली."

मी कप खाली ठेवला, तो रिकामा आहे हे न बघताच पुन्हा उचलला. त्याच वेळी जिन्यावरून लाँड्री कंपनीच्या वकीलबाई उतरल्या, वरच्याच मजल्यावर त्यांचं काही काम असायचं. त्यांनी आमच्याकडे बघून अगदी गोड मान हलवली.

*

ठिपकाची जबानी माझ्या बोलण्यावरून टाइप होऊन न्यायालयात दाखलही झाली होती. साक्षीच्या आधी तो ती पुन्हा वाचत होता. एका ओळीवर थांबला.

"'त्या दिवशी दिवे गेले होते.' दिवे गेले होते, तर मशीन कसं चालू होतं?"

मी ठिपकाला विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी झालेय. "दिवे नाही! दिवा. माझा दिवा. आणि गेला म्हणजे विझला नाही. काढला."

त्या दिवशी तिचे हात भराभर चालले होते. तिनं दिव्याची खूण एकदाच केली होती आणि मी घाईत सगळे दिवे घालवून मोकळी झाले होते. तिच्या मशीनवर, वर तुळईला, एक लाल दिवा होता. तिला थांबवायचं असलं की जुना फोरमन बटण दाबायचा आणि तो लागायचा. हॉल रंगवताना रंगाऱ्यांनी तो काढला. नव्या सुपरवायझरला तिनं दोनदा हात धरून ती रिकामी जागा दाखवली होती. दोन्ही वेळा त्यानं बोटांनी सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात.

अख्खी केस त्या दिव्यात होती. आणि तो मी घालवला होता.

"माझी चूक," मी म्हटलं. नियमाप्रमाणे हातांनीही सांगितलं.

तो चिडेल असं वाटलं होतं. त्यानं नुसतं त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "दिवे गेले म्हणालात, तेव्हाच मी विचारायला हवं होतं, मशीन कसं चालू? मीही ऐकून सोडून दिलं. दुरुस्तीचा अर्ज देऊ. चूक लपवली तर ती त्यांची होते. सांगितली तर आपली राहते."

आपली, म्हणाला तो. अगदी सहज. आणि मी, जिला शब्दांचंच काम, त्या एका शब्दाशी अडखळून बसले.

*

न्यायालयाच्या परवानगीनं आम्ही लाँड्री बघायला गेलो. न्यायालयाचा एक कारकून, कंपनीचा माणूस, ठिपका, तो आणि मी. वाफ, साबणाचा वास, आणि आवाज तर असा, की बोललेलं स्वतःलाही ऐकू येऊ नये.

त्यानं दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून रुमाल बांधला आणि मशीनसमोर ठिपकाच्या जागेवर उभा राहिला. "मी चादर आत सोडतो," तो मला ओरडून म्हणाला. "तुम्ही सुपरवायझर उभा होता तिथून मला हाका मारा. थांबा म्हणा. मी वळलो तर सांगा."

ठिपका मशीनच्या पलीकडे, माझ्यासमोर तोंड करून उभी राहिली. कारकून आणि कंपनीचा माणूस लांब, दाराशी उभं राहून काहीतरी लिहीत होते.

"थांबा!" मी ओरडले.

तो वळला नाही. रुमाल बांधलेलं ते डोकं, चादरीचा कोपरा शोधणारे ते अनाडी हात...

"थांबा!" दुसऱ्यांदा. नाहीच.

तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे. याला ऐकू येणारच नाही, कुणालाच ऐकू येणार नाही, एवढंच डोक्यात आलं. मी त्याच्या पाठीला म्हटलं, "तुम्ही मला आवडता."

तो वळला नाही.

पण ठिपकाचं तोंड उघडंच राहिलं. ती ओठांवरून शब्द ओळखते, हे मी पार विसरले होते! पुढच्याच क्षणी ती पोट धरून हसायला लागली. तिला बघून तो वळला, कानातला कापूस काढला. "काय म्हणाल्या त्या? का हसतायत?"

"चादर उलटी सोडलीत," मी ओरडून सांगितलं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून वर तुळईकडे पाहिलं. निळ्या रंगाचा थर बसलेला होता, पण त्याखाली दिव्याचा रिकामा होल्डर स्पष्ट दिसत होता. शेजारी वायरीची दोन कापलेली टोकं. कारकुनानं फोटो काढले. ठिपकानं मान वर करून त्या जागेकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले, हसता हसताच.

*

सुनावणीला कंपनीच्या वकीलबाई उभ्या राहिल्या. आवाज लोण्यासारखा. "आधी दिवे गेले होते. आता दिवा काढला होता. जबानी नेमकी कुणी बदलली, कामगारानं की दुभाषीबाईंनी? मी या दुभाषीबाईंना समोरच्या वकिलांबरोबर चहा घेताना पाहिलंय. एकदा नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ठिपका माझ्या हातांकडे बघत होती, आणि ते वाक्यही तिला सांगणं माझंच काम होतं. सांगितलं.

तो उठला. टाइप करताना चूक झाली, असं म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. माझं नाव वाचलं असतं.

"याचं उत्तर मी देणं योग्य नाही," तो म्हणाला, आणि खाली बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

क्षणभर राग आला. खरंच आला. मग कळलं, त्यानं दार उघडून ठेवलंय. आत जायचं की नाही, ते माझ्यावर सोडलंय.

मी उभी राहिले. "चूक माझी आहे. खूण एका दिव्याची होती, मी दिवे म्हटलं. कामगारानं जबानी बदललेली नाही. हे नोंदवून घ्यावं. आणि यापुढे या केससाठी दुसरा दुभाषी नेमावा."

"का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कारण मी आता त्रयस्थ राहू शकेन, असं मला वाटत नाही."

दालनात कुणीतरी खोकलं. मी वळले आणि माझंच ते वाक्य हातांनी ठिपकाला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, भरल्या न्यायालयात, मी 'मी' म्हटलं आणि ती मीच होते. ठिपकानं कपाळावर हात मारून घेतला.

बाहेर जिन्यावर तो धावतच आला. "त्रयस्थ राहू शकणार नाही... म्हणजे नक्की काय?"

"निकाल लागला की विचारा."

"आणि तोवर?"

"तोवर चहा बंद. जिन्यावर असं उभं राहणं बंद."

"फोन?"

"बंद."

"आणि रस्त्यात समोरासमोर आलो तर?"

"तर तुम्ही पलीकडच्या बाजूनं जा."

"माझ्यापेक्षा कडक आहात तुम्ही!"

"ठिपकाच्या मशीनचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

त्यानं नुसती मान हलवली. त्याच्या त्या गप्प मान हलवण्यानं माझा जीव इतका हलला, की मी तीन पायऱ्या एकदम उतरले.

*

चार महिने. दुपारी मी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायचे, संध्याकाळी ताईसमोर बिस्किटं खायचे. ताई काही विचारेना, तेच जास्त जड जायचं. एकदा तो खरंच रस्त्यात दिसला. मला बघितलं, थबकला, आणि शहाण्या मुलासारखा रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिथून चालताना एका खांबाला धडकला. मला हसावं की रडावं कळेना.

मग एका दुपारी शाळेच्या दारात ठिपका उभी. तिचे हात थांबतच नव्हते. शब्द खोडला! पत्र रद्द! मशीन परत! आणि दिवा... एक नाही, दोन दिवे लावायचा हुकूम, एक समोर, एक डोक्यावर. मुलं गोळा झाली, ती मुलांनाही सांगत सुटली. शेवटी मला मिठी मारून लांब झाली आणि खूण केली, "बोकड तुझ्याबद्दल एकदाही काही बोलला नाही हं. दर तारखेला विचारायला तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. मला तर कंटाळा आला बघून."

"तू काही सांगितलंस त्याला? लाँड्रीतलं?"

"ते तुझं आहे," ती म्हणाली. "मी कशाला सांगू?"

त्याच संध्याकाळी आमच्या दारावरचा दिवा लुकलुकला. आमच्याकडे बेल दाबली की दिवा लागतो. ताईनं दार उघडलं. बाहेर तो. कोट नव्हता. साध्या शर्टात तो एकदम लहान दिसत होता, आणि हात कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं.

ताईनं त्याला बसवलं. समोर स्वतः बसली. मी बाजूच्या खुर्चीत. ताईनं सावकाश, सोपी खूण केली, "का आलात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही हं," मी म्हटलं. "मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलेय. हे काम मला करता येणार नाही."

"का बरं?"

"यात माझा हितसंबंध आहे."

"अस्सं?" त्याचे डोळे चमकले. "कुठला हितसंबंध? साक्षीदारानं स्पष्ट सांगावं."

"आधी ताईला उत्तर द्या."

त्यानं हात उचलले. गेले चार महिने तो कुठेतरी शिकत होता, हे लगेच कळलं. खुणा अडखळत होत्या, पण खऱ्या होत्या. "तुमची बहीण... चार महिने... मी बोललो नाही. आता बोलायचं आहे. भीती वाटते."

ताई पुढे वाकली. "कसली?"

तो थांबला. खूण शोधली, सापडली नाही. दोन्ही हात हवेत तसेच राहिले. शेवटी त्यानं तोंडानंच म्हटलं, माझ्याकडे बघत, "सगळ्यांना विचारत फिरतो मी. पण हिला विचारलं आणि ती नाही म्हणाली तर... पुढचा प्रश्न माझ्याकडे नाहीये."

ताईला ऐकू आलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाला? मी मांडीखालचे हात काढले.

"तो विचारतोय," मी खुणेनं सांगितलं, आणि मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "आणि मी हो म्हणतेय. लाँड्रीत कानात कापूस होता तुमच्या, तेव्हाच म्हणून झालंय."

"लाँड्रीत?" तो उठूनच उभा राहिला. "म्हणजे ती उलटी चादर...?"

"चादर सुलटीच होती."

त्याचा चेहरा बघून ताई हसायला लागली. तिनं त्याची चप्पल पायानं त्याच्याकडे ढकलली आणि दाराकडे हात केला. जा, फिरून या. इथे बसून मला ओठ वाचायला लावू नका.

रस्त्यावर उन्हं कलली होती. दुकानदार पाट्या पुसत होते, सायकली जात होत्या. तो काहीच विचारत नव्हता, हे मला इतकं नवं वाटलं, की मीच त्याच्या वडिलांबद्दल विचारायला लागले. तो सांगू लागला. सांगता सांगता त्यानं माझा हात हातात घेतला, सहज, रस्ता ओलांडताना घ्यावा तसा. मग रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

मागे वळून पाहिलं तर वर खिडकीत ताई. तिचे दोन्ही हात हलत होते: "किती वाजता येताय?"

माझा एक हात अडकलेला होता. दुसरा वर करून मी एकाच हातानं सांगितलं, उशीर होईल.